मोहाखालची पहाट : एका भिंतीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी प्रार्थनामंदिराची भिंत दाखवली. व्यासपीठामागची, चौदा फूट रुंद, नऊ फूट उंच. सिमेंटचा गिलावा, त्यावर फिकट हिरव्या ऑइल पेंटचे दोन-तीन हात, मधोमध लाल अक्षरांत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ आणि वर सागाचा साधा क्रूस. नवापूर तालुक्यात मी जितकी प्रार्थनामंदिरं पाहिली, तितक्यांत भिंतीवर एवढंच असतं. वचन आणि क्रूस. चित्र कुठेच नाही.

ईस्टरपर्यंत चित्र व्हावं असं तरुणांचं म्हणणं. ईस्टर २० एप्रिलला, म्हणजे हातात चौदा आठवडे, तेही शाळा सांभाळून शनिवार-रविवारचे.

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, त्यांच्यापैकी एक काका सगळ्यात पुढे, डाव्या बाकावर बसतात. ते उठून म्हणाले, “ताई, निर्गमाचा विसावा अध्याय वाचून या. मग बोलू.” आवाजात राग नव्हता, काळजी होती.

परतीच्या गाडीसाठी नवापूर स्थानकात थांबले होते. अर्धं स्थानक महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या बाकावर पवित्र शास्त्रातला तो अध्याय उघडला. कोरीव मूर्ती करू नको, वर आकाशातल्या किंवा खाली पृथ्वीवरच्या कशाचीही प्रतिमा करू नको. लहानपणापासून पाठ आहे. वीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवते, पण या आज्ञेला मी स्वतःशीसुद्धा नीट उत्तर दिलेलं नाही. आता द्यावं लागेल.

१९ जानेवारी, रविवार

उत्तर निर्गमातच पुढे सापडलं. पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशाच्या झाकणावर सोन्याचे करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, घडवायला देवच सांगतो. अठ्ठाविसाव्यात याजकाच्या झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं आहेत. एकतिसाव्यात बसालेल येतो. देवाच्या आत्म्याने भरला असं ज्याच्याबद्दल लिहिलं आहे तो कारागीर. संदेष्टा नव्हे, राजा नव्हे, सोनं-रुपं-लाकूड कोरणारा माणूस.

पण दुसरी बाजूही मंडळीसमोर ठेवली. ‘गणना’ या पुस्तकात मोशे पितळी साप करून खांबावर लावतो, आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतःच्या मरणाची खूण म्हणून त्याच सापाचं नाव घेतो. मधल्या काळात काय झालं ते ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. मी काकांना म्हटलं, “आपल्या भिंतीपुढे कुणी उदबत्ती लावली, तर पहिला चुन्याचा हात मी मारीन.” ते हसले नाहीत. पण मान हलवली.

मग प्रश्न आला, येशूचा चेहरा कसा काढणार. एका मुलाने मोबाइलवर घरातलं कॅलेंडर दाखवलं, तोच मऊ उजेडातला, लांब केसांचा चेहरा. वॉर्नर सॉलमन यांनी तो १९४० मध्ये अमेरिकेत रंगवला आणि तिथून तो जगभर घरोघरी गेला. मुलगा म्हणाला, “मॅडम, असाच दिसायचा ना?” पवित्र शास्त्रात येशूच्या नाकाडोळ्यांबद्दल एक ओळ नाही, हे मी सांगितलं. रोमच्या प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीच्या विश्वासणाऱ्यांनी काढलेला उत्तम मेंढपाळ तर बिनदाढीचा, आखूड अंगरख्यातला पोरगा आहे. आन्जेलो दा फोन्सेकांची चित्रं दाखवली. गोव्यात जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि १९६७ साली वारला. त्यांची मरीया लुगडं नेसलेली, उंबऱ्याशी बसलेली. बायकांनी मोबाइल हातोहात फिरवला. एक म्हणाली, “ही तर ओळखीची वाटते.” गोव्यात त्या काळी याच कारणासाठी त्यांच्यावर टीका झाली होती.

मी मांडलेली कल्पना अशी. भिंतीवर येशूचा चेहरा नको. ईस्टरच्या पहाटे येशूच्या कबरेकडे निघालेल्या बायका काढू. ही माझी पळवाट नाही. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं. तिथे एका साध्या घरातच विश्वासणारे जमत. त्या घराच्या भिंतींवरची चित्रं २४० च्या दशकातली आहेत. २५६ साली गाव पडलं. त्याआधी तटाला आधार म्हणून ते घर मातीने भरून टाकलं होतं, म्हणून रंग टिकले. त्या भिंतीवर हातात मशाली घेतलेल्या बायका एका मोठ्या पेटीसारख्या कबरेकडे चालल्या आहेत. जगात हाती लागलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती चित्रांपैकी ते एक.

“घरातच जमायचे?” एका आजीने विचारलं. या मंडळीची पहिली उपासना त्यांच्या सासऱ्यांच्या ओसरीवर झाली होती.

२ फेब्रुवारी, रविवार

काम सुरू. कळीचा चुना पिंपात विरवून पंधरा दिवस झाले, आता लोण्यासारखा बसलाय. तीन पोरं आणि साक्रीकडचे गवंडीदादा मिळून ऑइल पेंट खरवडतोय. लाल अक्षरं खरवडताना सगळे जरा गप्प झाले. वचन चित्रात पुन्हा येईल, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलंय.

खालच्या दोन फुटांत ओलावा. बोट लावलं की पांढरी पूड येते. लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला खार. गवंडीदादांनी तळहात भिंतीला टेकवून ठेवला, बराच वेळ, ताप बघावा तसा. मग म्हणाले, “ताई, भित आजून ओली शे.” तेवढा सिमेंटचा गिलावा काढून तिथे चुना-वाळूचा गिलावा करायचा ठरला. सिमेंट ओल आत कोंडतं, चुना तिला बाहेर सोडतो.

तोवर कागदावर कच्चं काम. डावीकडे मोहाचं झाड आणि पहाट, मध्ये तीन बायका डोक्यावर बांबूच्या टोपल्या घेऊन, त्यांच्यापुढे कबरेच्या तोंडावरून लोटलेली धोंड. उजव्या टोकाला त्याच दिवसाची संध्याकाळ, अम्माऊस गावातलं घर. दोघा वाटसरूंनी उठलेल्या येशूला ओळखलं ते भाकर मोडताना. तिथे फक्त दोन हात आणि मोडलेली भाकर.

एका मुलाने विचारलं, पिठोऱ्याचे घोडे काढायचे का, ते आदिवासी दिसतील. नाही म्हटलं. छोटा उदेपूर, अलीराजपूरकडचे राठवा ते घोडे नवस फेडायला लिहवून घेतात. ती त्यांची पूजा आहे. शोभेसाठी ती उचलून आपल्या भिंतीवर आणायची नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज अख्खा दिवस भाकरीत गेला.

मराठी पवित्र शास्त्राने आमच्यावर मोठे उपकार केलेत. तिथे पाव नाही, भाकर आहे. ‘जीवनाची भाकर मीच आहे.’ ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे.’ हे शब्द मी हजार वेळा उच्चारले असतील, पण भाकरीकडे चित्रकाराच्या नजरेने आज पहिल्यांदा पाहिलं. आजीच्या चुलीपाशी वही घेऊन बसले. कुठली काढायची हा पहिला प्रश्न. ज्वारीची? धुळे-जळगावकडे दादर ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण होत नाही, माझं माहेरही तिकडचंच. तांदळाची? इथे तीही होते. आजी म्हणाली, “नागलीची काढ बाई. बहात्तरच्या दुष्काळात तीही मिळेना, तेव्हा कळलं भाकर म्हणजे काय.”

योहानाच्या सहाव्या अध्यायात त्या मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या. जव म्हणजे तिथल्या गरिबाचं धान्य. मग इथे नागलीच बरोबर.

आजीने उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली, परातीत मळली, तळव्यावर फिरवत थापली. कडेला बारीक चिरा पडतात, त्या ती ओल्या बोटाने सांधत जाते. त्यामुळे काठावर सगळीकडे बोटांचे ठसे राहतात, चंद्रकोरीसारखे, एकाला लागून एक. तव्यावर वरून पाणी फिरवलं की रंग एकदम गडद होतो, पावसात ढेकूळ काळं पडावं तसा. मग निखाऱ्यावर फुगते, पापुद्रा सुटतो, दोन-तीन ठिकाणी करपते. तिने मोडली तेव्हा आतली वाफ माझ्या वहीवर आली. तुटलेली कड सरळ नसते. ती दातेरी, ओलसर आणि आत बाहेरच्यापेक्षा फिकी असते. गेरू, काजळ आणि चुना यांचे सात मिश्रणनमुने केले. सहावा जुळला.

बोटांचे ठसे काढायचेच. ती भाकर कुणीतरी थापली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोहावरून वाद. मला वाटलं होतं त्याहून खोल.

काका म्हणाले, “झाड कुठलंही काढा. मोह नको.” त्यांच्या वडिलांचं शेत दारूत गेलं. प्रभूकडे आल्यावर या घरांनी पहिली सोडली ती मोहाची दारू. “आणि शब्द तरी बघा ताई. मोह. त्याच्यापासूनच तर सोडव म्हणतो आपण.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठीत झाडाचं आणि पापाच्या ओढीचं नाव एकच आहे, हे मी कच्चं काम करताना ध्यानातच घेतलं नव्हतं.

मग महिला मंडळातल्या बायका बोलू लागल्या. आजीने पुन्हा बहात्तर साल काढलं. तेव्हा फुलं उकडून, वाळवून, कुटून खाल्ली होती. त्या फुलांनी पोरं जगली. दुसरी म्हणाली, अजूनही चैत्रात फुलं विकून मुलांच्या वह्या येतात. काका ऐकून घेत होते. पाळकसाहेबांनी मतं घेतली नाहीत, प्रार्थना करू म्हणाले. बरं केलं.

निघताना काका फाटकापाशी आले. “काढा झाड. पण फुलं वेचताना कुणी दिसता कामा नये.”

कच्च्या कामात तिसरी बाई वाकून फुलं वेचतेय. तीच मला सगळ्यात आवडली होती. खोडून टाकावी लागेल.

५ मार्च, बुधवार

उपवासकाळ आजपासून. संध्याकाळी तरुणांच्या सभेत जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डची इसेनहाइमची वेदी, म्हणजे वेदीवरची मोठी चित्रं, दाखवली. १५१२ ते १५१६ मध्ये रंगवलेली, आता फ्रान्समध्ये कोलमार इथे आहे. तिथला वधस्तंभावरचा येशू पाहवत नाही. अंगभर फोड, त्वचा हिरवट, बोटं काट्यांसारखी ताणलेली. असं का काढलं? ज्या मठासाठी ती वेदी होती तिथे ‘संत अँथनीचा अग्नी’ झालेल्या रोग्यांची सेवा व्हायची. हातपाय जळजळायचे, सडायचे. रोग यायचा राय या धान्यावरच्या बुरशीतून, म्हणजे रोजच्या भाकरीतूनच.

“अरगट,” मागून काका म्हणाले. ते सभेला आलेत हे मला दिसलंच नव्हतं. “आमच्या लहानपणी बाजरीवर यायचा. कणसातून चिकट रस गळायचा, मग काळे दाणे. आई मिठाच्या पाण्यात बी टाकून वर तरंगेल ते फेकायची.” बरोबर, तोच जातभाई. पुस्तकात वाचलेला पाचशे वर्षांपूर्वीचा रोग त्यांनी कणसासकट समोर ठेवला.

सभेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची एक मुलगी आहे. दुखणं उठलं की आठवडा-आठवडा शाळा बुडते, सांधे धरून पडून असते. तिने चित्र मोठं करून फक्त हात पाहिले. खूप वेळ. मग म्हणाली, “मॅडम, याला ठाऊक होतं.” ग्रुनेवाल्डला की येशूला, मी विचारलं नाही.

अम्माऊसचे हात आता असे नुसते सुबक काढून भागणार नाही. गवंडीदादांना विचारलंय, त्यांच्या हातांवरून काढू का. चुन्याने त्यांच्या बोटांची कातडी जागोजागी फुटलीय.

१६ मार्च, रविवार

होळी झाली. पळस अजून पेटलेला आहे. भिंत कोरडी, सूत मारून घेतलं, कोळशाने मोठी रेघ झाली.

आज निळा रंग. यावर मला लिहायचंच होतं. युरोपच्या चित्रांत मरीयेच्या झग्याचा निळा सोन्याच्या तोलाचा समजत, कारण तो लाजवर्दी दगडाचा, आणि दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. शाळेची सहल दरवर्षी अजिंठ्याला नेते, तिथल्या भिंतींवरही हाच लाजवर्दी आहे. ज्या दगडाने इटलीत मरीयेचं वस्त्र रंगलं, त्याच दगडाची पूड त्याच्या कितीतरी शतकं आधी आपल्या शेजारच्या डोंगरात बोधिसत्त्वांभोवती लागली होती. मला हे कळलं तेव्हा मी लेण्यातच खाली बसले होते.

१८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे यांनी तोच रंग भट्टीत तयार केला. कपड्यांना घालायची निळीची पूड ती हीच. द्रव नीळ वेगळी, ती नको. पूड चुन्यातही टिकते. खान्देशात भिंतींच्या चुन्यात नीळ घालणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. गावच्या दुकानातून पाच पुड्या आणल्या. धावड्याच्या डिंकात कालवून मधल्या बाईचं लुगडं भरलं. दुपारी खिडकीतून ऊन आलं तेव्हा तो निळा भिंतीतून पुढे आल्यासारखा दिसला. पोरं काम थांबवून बघत राहिली.

२९ मार्च, शनिवार

काल रात्री आजीकडे मुक्काम, पहाटे चारला तिच्याबरोबर मोहाखाली.

अंधारात आधी वास आला, गोड, थोडा आंबूस. मग आवाज. टप. थांबून टप, टप. झाडावर पान नाही, फक्त फुलांचे झुपके. खाली फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा जाळून जागा साफ केलेली, त्यामुळे जमीन काळी. त्या राखेवर पिवळसर पांढरी फुलं, पाण्याच्या थेंबाएवढी फुगीर, आतून पोकळ. उजाडलं नव्हतं तरी तीच तेवढी दिसत होती. बायका टोपल्या घेऊन एक-एक करून आल्या. कुणी फारसं बोलत नव्हतं.

मार्कच्या सोळाव्या अध्यायात त्या तिघी, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे, भल्या पहाटे निघतात आणि वाटेत एकमेकींना विचारतात, धोंड कोण लोटील. मी टोपल्या काढल्या होत्या त्या दिसायला शोभतात म्हणून. या बायका खरोखर याच दिवसांत, याच वेळी, टोपली घेऊनच घराबाहेर पडतात.

आणि काकांची अट. ती मी नाइलाजाने मानली होती. आज राखेवरची फुलं पाहताना चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. फुलं पडलेली आहेत, भरपूर, वेचायची वेळ आहे, आणि तिघीजणी त्यांच्यामधून पुढे गेल्या आहेत. एकही खाली पाहत नाही. त्या सकाळी त्यांनी फुलं तशीच सोडली. वाकलेल्या बाईपेक्षा हे कितीतरी खरं आहे, आणि ते मला सुचलं नव्हतं. काकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मी काय, फक्त नको म्हटलं.”

६ एप्रिल, रविवार

निळ्याला पापुद्रे. लुगड्याच्या खालच्या घोळात वीतभर रंग उचलला गेलाय, तव्यावरच्या भाकरीसारखा. चूक माझी. उन्हाळ्याची घाई म्हणून डिंक जास्त घातला, तो वाळताना आकसला आणि रंगाला ओढून घेऊन आला. ओल्या फडक्याने काढून, चुन्याची पातळ निवळी देऊन, पुन्हा तीन पातळ हात. चौथी पुडी संपली, पाचवीतली अर्धी राहिली.

फुलं मात्र छान उतरली. चुन्यात चिमूटभर रामरज, म्हणजे पिवळी माती, आणि प्रत्येकीच्या पोटात काजळाचा एक ठिपका. लहान मुलांनी काढली. दोनशेच्या पुढे असतील.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मुलं झावळ्या घेऊन आत आली आणि परांचीभोवतीच फेरी झाली. वचन पुन्हा लिहिलं, या वेळी गेरूने, झाडाच्या फांदीखाली. हात पूर्ण झाले. गवंडीदादांनी आपल्या बोटांवरच्या भेगा चित्रात ओळखल्या. मनगटाजवळचे खिळ्यांचे वण पाहून त्यांनी टोपी काढली. ते आमच्या मंडळीतले नाहीत.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. चित्रावर पांढरं कापड टाकलं होतं, फक्त सागाचा क्रूस उघडा. काम नाही.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे साडेचारला कंदील घेऊन गावातून फेरी, मग प्रार्थनामंदिर. पाळकसाहेबांनी काकांना कापड ओढायला सांगितलं. कंदिलाच्या उजेडात आधी फुलं दिसली, मग टोपल्या, मग निळा. आजीने हात पुढे करून भाकरीच्या काठावर बोट ठेवलं. एका ठशावर तिचं बोट बरोबर बसलं. मी अडवलं नाही, रंग पक्का आहे.

सिकलसेलची मुलगी आली होती, आईच्या खांद्याला टेकून. ती उजव्या टोकापाशी बसली, हातांखाली.

नंतरची कामं : डाव्या खालच्या कोपऱ्यात लोणा धरल्याची पांढरी रेघ पुन्हा दिसतेय. आता ओलं फडकं लावायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडायचं. पावसाळा गेल्यावर तेवढा गिलावा गवंडीदादा पुन्हा करतील. पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब सोडायचं, हे पाळकसाहेबांच्या वहीत लिहून दिलंय. उरलेली अर्धी पुडी नीळ पाळकीणबाईंनी मागून घेतली, प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड पिवळं पडलंय म्हणाल्या.